गोव्याच्या वाटेवरचा मुक्कामी डोंगर

पुण्याहून गोव्याला निघालेल्या बहुतेक गाड्यांना बिद्री दिसत नाही. कोल्हापूर मागे टाकून त्या कागल, निपाणी, संकेश्वर असा महामार्ग धरतात. थोडे प्रवासी मात्र कोल्हापुरातच उजवीकडे वळतात. कळंबा, इस्पुर्ली करत उसाच्या रानांतून दक्षिणेला उतरले की दूधगंगेच्या खोऱ्यात बिद्री येते. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांचे नाव लावणारा इथला सहकारी साखर कारखाना सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. त्याच्या परिसराला मौनीनगर म्हणतात. पुढे काही किलोमीटरवर मुदाळ तिट्टा लागतो. एक रस्ता राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाने कोकणात उतरतो, दुसरा मुरगूडवरून निपाणीला जातो आणि तिसरा गारगोटीला. लांबच्या प्रवासात एखादी रात्र डोंगरावर काढायची इच्छा असेल, तर ती कुठे काढायची हे याच तिट्ट्यावर ठरवावे लागते.

अशी इच्छा हल्ली अनेकांना होते. आठ-दहा दिवसांची सुट्टी, स्वतःची गाडी, मागच्या डिकीत तंबू आणि झोपायच्या पिशव्या, पुढे गोवा, गोकर्ण किंवा केरळपर्यंतचा बेत. रोज हॉटेलात उतरायचे आणि रोज गाडी चालवायची, याचा कंटाळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतोच. मध्ये एक दिवस पायांना द्यावा, एक रात्र उघड्यावर काढावी आणि मग पुढे जावे, हा विचार अगदी योग्य आहे. चुकते ते डोंगर निवडताना. घरून शनिवार-रविवारसाठी निघताना जो किल्ला उत्तम, तोच लांबच्या प्रवासाच्या मध्यावर उत्तम ठरेल असे नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातला सर्वांत प्रसिद्ध मुक्कामी ट्रेक घ्या. १६६०च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटले, बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांच्या मावळ्यांनी घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड, लढवली आणि महाराज विशाळगडी पोचले. त्या वाटेवरून दर जुलैत हजारो तरुण चालतात. पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत पन्नासएक किलोमीटरची ही चाल साधारण दोन दिवसांची असते आणि मधल्या वाड्या-वस्त्यांवर मुक्काम पडतो. चिखल, धुके, ओढे आणि त्या रात्रीची आठवण यांनी भारलेला असा ट्रेक महाराष्ट्रात दुसरा नाही. तरीही गाडी घेऊन गोव्याला निघालेल्या कुटुंबाने तो प्रवासात घालू नये. गाडी पन्हाळ्यावर राहते आणि माणसे पावनखिंडीजवळच्या पांढरपाण्याला पोचतात. गाडी आणायला परत फिरण्यात तिसरा दिवस जातो. शिवाय पन्नास किलोमीटर चाललेल्या पायांनी लगेच क्लच-ब्रेक दाबत घाट उतरायचा, हे धोक्याचे आहे.

यातूनच पहिली कसोटी निघते: जिथे गाडी लावली तिथेच परत येणारी वाट हवी. दुसरी कसोटी वेळेची. डोंगरावर घालवलेल्या वेळेइतकाच खाली उतरल्यानंतर गाडीत जाणारा वेळही मोजावा लागतो. विल्यमसन आणि फेयर या संशोधकांनी २०००मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. सलग १७ ते १९ तास जागे राहिलेल्या माणसांची प्रतिक्रिया काही चाचण्यांत रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसांइतकी मंद झाली, काहींची त्याहूनही. भारतात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. पहाटे चारला पुण्याहून निघून दुपारी चढाई, रात्री शेकोटीभोवती गप्पा आणि सकाळी उतरून संध्याकाळपर्यंत पणजी, असा बेत आखणारा चालक दारूचा थेंबही न घेता त्या अवस्थेच्या जवळ जातो. म्हणून चढाईच्या आदल्या रात्री कोल्हापुरात किंवा गारगोटीत पुरती झोप घ्यावी. उतरलेल्या दिवशी दोन-तीन तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नये.

बिद्रीच्या बाजूला याला आणखी एक कारण आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटली की मार्चपर्यंत हे सगळे रस्ते उसाचे असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्यांच्या रांगा, रस्त्यावर सांडलेला ऊस. अनेक ट्रॉल्यांना मागे लाल दिवा तर नाहीच, परावर्तक पट्टीही नसते. अंधारात समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला की पुढची ट्रॉली दिसत नाही. आणि डोंगरात जायचा उत्तम हंगामही नेमका हाच. त्यामुळे या भागातला गाडीचा प्रवास दिवसाउजेडी संपवावा. हा नियम साधा आहे आणि तो पाळायलाच हवा.

आता तिट्ट्यावरून दिसणारे पर्याय.

राधानगरीचा रस्ता मोहात पाडतो. १९५८मध्ये दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले. पुढे ते राधानगरी अभयारण्य म्हणून ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत वाढले आणि २०१२मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेले. राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेले धरण, त्याचे आपोआप उघडणारे दरवाजे, मेअखेरीला झाडांवर लगडणारे काजवे: एक पूर्ण दिवस द्यावा असेच हे सगळे आहे. पण अभयारण्यात मनाला येईल तिथे रात्री चालणे किंवा तंबू ठोकणे याला परवानगी नाही, आणि नसावीही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आत जायला परवानगी लागते, ठरलेल्या वाटा आणि वेळा पाळाव्या लागतात. गवा शांत दिसतो, पण पाच-सहाशे किलोंचे ते जनावर बिथरले तर माणसाला पळायला वाव राहत नाही. राधानगरी दिवसा पाहावी आणि रात्री गावात राहावे.

गारगोटीच्या रस्त्यावरचा जवळचा पर्याय म्हणजे भुदरगड. गारगोटीहून पेठशिवापूरमार्गे जवळजवळ गडापर्यंत गाडी जाते, त्यामुळे मुरलेले ट्रेकर त्याला मोजत नाहीत. हा त्यांचा गैरसमज. माथ्यावर विस्तीर्ण पठार, मधोमध मोठा तलाव, भैरवनाथाचे जुने मंदिर आणि तटावरून दिसणारा वेदगंगेचा सगळा पट्टा. १८४४मध्ये सामानगड आणि भुदरगड इथल्या गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. पिढ्यान्‌पिढ्या गड राखण्याच्या मोबदल्यात कसलेल्या त्यांच्या जमिनींचा कारभार मामलेदारांच्या हाती द्यायचा घाट घातला गेला, हे त्याचे मुख्य कारण. १८५७च्या तेरा वर्षे आधी झालेल्या या लढ्याची आठवण पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. ज्यांच्याकडे एकच संध्याकाळ आहे, ज्यांच्यासोबत आठ-दहा वर्षांची मुले किंवा गुडघे कुरकुरणारे आजोबा आहेत, त्यांनी निःसंकोच भुदरगड निवडावा. सूर्यास्त गडावर पाहून रात्री खाली गावात यावे, किंवा गावकऱ्यांना विचारून देवळाच्या आवारात राहावे.

ज्यांच्याकडे दीड दिवस आहे, त्यांनी मात्र रांगणा किल्लाच निवडावा.

गारगोटीहून कडगावमार्गे पाटगावला जाताना रस्ता वेदगंगेच्या उगमाकडे सरकत जातो. शेते लहान होत जातात, ऊस विरळ होऊन भात-नाचणी दिसू लागते आणि डोंगर जवळ येतात. वेदगंगेवरचे धरण पाटगावलाच आहे. मौनी महाराजांची समाधी आणि मठही याच गावी आहे. शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाला निघण्यापूर्वी त्यांच्या भेटीला आले होते, असे परंपरा सांगते. बिद्रीचे मौनीनगर आणि गारगोटीचे मौनी विद्यापीठ ही नावे इथूनच गेली आहेत. म्हणजे तिट्ट्यापासून ज्या नावाच्या पाट्या दिसत येतात, त्या नावाच्या मूळ गावी प्रवासी पोचतो.

पाटगाव आता मधासाठीही ओळखले जाते. महाबळेश्वरजवळच्या मांघरनंतर मधाचे गाव म्हणून ते पुढे आले आणि २०२३मध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या सर्वोत्तम पर्यटन गाव स्पर्धेत त्याला कांस्य श्रेणी मिळाली. इथले शेतकरी पेट्यांमध्ये सातेरी माश्या पाळतात. जंगलातल्या कड्यांवर आणि उंच झाडांवर असतात ती आग्या मोहोळे, आणि त्यांचा स्वभाव अगदी वेगळा. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा यांनी आग्या माश्या चवताळतात आणि लांबवर पाठलाग करतात. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर त्यांच्या हल्ल्यात ट्रेकर जखमी झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. म्हणून मोहोळाखाली चूल पेटवू नये आणि अंगाला सुवास फवारून चढू नये. मध घ्यायचा तो गावातूनच घ्यावा.

पाटगावच्या पुढे भटवाडी आणि तिथून जंगलातून चिक्केवाडीची कच्ची वाट. हा टप्पा रांगण्याचा जीव आहे. दोन्ही बाजूंना दाट झाडी, वाटेत ओढे, मातीत गव्यांच्या खुरांचे ठसे. जमिनीपासून उंच असणाऱ्या जीप चिक्केवाडीपर्यंत जातात, पण साध्या गाडीने हा प्रयोग करू नये. पुढे हजार-बाराशे किलोमीटर ज्या गाडीने जायचे आहे, तिचा चेंबर दगडावर आपटून घेण्यात अर्थ नाही. गाडी पाटगाव किंवा भटवाडीत कुणाच्या तरी अंगणात लावावी, घरच्यांना सांगून लावावी, आणि उद्या किती वाजेपर्यंत परत येणार तेही सांगून ठेवावे. या एका गोष्टीने अर्धी सुरक्षितता मिळते. उशीर झाला की काळजी करणारे कुणीतरी खाली असते.

रांगणा उंचीने डोळ्यांत भरत नाही. घाटमाथ्याकडून आलेल्याला तो एका अरुंद दांडाने जोडलेला दिसतो. खरा गड कळतो तो पश्चिमेकडून, कारण तिन्ही बाजूंना कडे थेट कोकणात तुटलेले आहेत. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने तो बांधल्याचे मानले जाते. कोकणातून घाटावर चढणाऱ्या वाटांवर नजर ठेवणारे हे ठाणे पुढे प्रत्येक सत्तेला हवेसे वाटले. १६६७च्या उन्हाळ्यात आदिलशाहीच्या वतीने बहलोलखान आणि व्यंकोजी राजे यांनी गडाला वेढा घातला, तेव्हा शिवाजी महाराजांनी स्वतः येऊन तो मोडून काढला. १७०८मध्ये साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या फौजेने पन्हाळा घेतल्यावर ताराबाई रांगण्यावर आल्या. पाठोपाठ शाहूंची फौजही आली. ताराबाई सिंधुदुर्गाकडे निघून गेल्या, पण गड पडला नाही. पावसाळा आला आणि वेढा उठवावा लागला. फौजा घेऊन आलेल्यांनाही या भागातला पाऊस मागे फिरवतो, हे जूनमध्ये तंबू बांधून निघणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

गडावर दरवाज्यांची मालिका, तटाबुरुजांचे शाबूत भाग, निंबाळकर बावडी, तलाव, हत्तीच्या सोंडेसारखी निमुळती होत गेलेली माची आणि कोकण दरवाजा पाहायला निवांत तीन तास लागतात. रांगणाई देवीचे मंदिर हेच मुक्कामाचे ठिकाण. पंधरा-वीस जण अंग टाकू शकतील एवढी जागा तिथे आहे. मंदिर जागृत मानले जाते, गावोगावचे भाविक तिथे येतात. ट्रेकरनी आपण पाहुणे आहोत हे विसरू नये. पादत्राणे बाहेर, मांसाहार आणि दारू वर्ज्य, गाभाऱ्यासमोर पसारा नको.

वेळेचा हिशेब स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने १८९२मध्ये मांडलेल्या नियमाने करता येतो. दर पाच किलोमीटर चालीला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. पण नेस्मिथ थंड हवेत, हलक्या ओझ्याने चालणाऱ्या तरबेज माणसाबद्दल बोलत होता. पाठीवर तंबू, अंथरूण आणि तीन लिटर पाणी घेऊन कोल्हापूरच्या उन्हात चालणाऱ्या, चार दिवस गाडीत बसून आखडलेल्या माणसाने त्या हिशेबाची दीडपट वेळ धरावी. भटवाडीतून चालत निघणाऱ्याला मंदिरापर्यंत जवळजवळ अर्धा दिवस लागतो. डिसेंबरात इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारते. म्हणजे दुपारी बारापर्यंत भटवाडी सोडलेली असावी. दोन वाजून गेले असतील तर रांगणा त्या दिवशी सोडून द्यावा आणि भुदरगडाकडे वळावे. असा राखीव डोंगर आधीच ठरलेला असला की कुणी हट्टाला पेटत नाही, आणि डोंगरातले बरेच अपघात हट्टापायीच होतात.

पाण्याचे गणित प्रत्येकाला वेगळे करावे लागते. गडावर पाणी आहे, पण तलावाचे पाणी थेट पिण्याजोगे नसते. जनावरेही तिथेच येतात. उकळून किंवा क्लोरिनच्या गोळ्या घालून ते वापरावे. फेब्रुवारीनंतर झऱ्यांची धार बारीक होते, तेव्हा माणशी तीन-चार लिटर खालून न्यावे. रात्री थंडीपेक्षा दव जास्त त्रास देते. सकाळी सगळे चिंब झालेले असते, म्हणून एक कोरडा कपड्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाडीत ठेवावा. मोबाइलची रेंज पाटगाव सोडल्यावर भरवशाची नाही. रस्त्यांचे नकाशे कोल्हापुरातच उतरवून घ्यावेत आणि १०८ व ११२ हे क्रमांक सगळ्यांना ठाऊक असावेत. साप चावला तर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यात वेळ दवडू नये. चावलेला अवयव न हलवता माणसाला सरकारी दवाखान्यात न्यायचे, एवढेच काम. तिथवर पोचायला लागणारा वेळ इथे तासांत मोजावा लागतो, म्हणून काळोखात टॉर्चशिवाय देवळाबाहेर पाऊल टाकू नये.

या जंगलाला आता संरक्षणही मिळाले आहे. २०२०च्या डिसेंबरात राज्य वन्यजीव मंडळाने पश्चिम घाटातल्या ज्या संवर्धन राखीव क्षेत्रांना मंजुरी दिली, त्यांत आजरा-भुदरगडचा समावेश आहे. राधानगरी ते तिलारी हा वाघ, गवे आणि हत्ती यांच्या ये-जा करण्याचा पट्टा सलग राहावा, हा त्यामागचा हेतू. वनखात्याचे नियम मोसमाप्रमाणे बदलतात, म्हणून गारगोटी किंवा कडगावला चौकशी करूनच पुढे जावे. आणि गावातला वाटाड्या घ्यावा. चिक्केवाडीच्या रानात ढोरवाटांचे जाळे आहे आणि धुक्यात सगळ्या वाटा सारख्या दिसतात. वाटाड्याला दिलेले पैसे, पाटगावात घेतलेला मध, कुणाच्या घरी केलेले जेवण यांमुळे जंगल राखणाऱ्या गावाला जंगल राखण्याचे काही मोल मिळते.

काहींना रांगण्यावरून कोकण दरवाज्याने थेट कुडाळ तालुक्यातल्या नारूरला उतरायचे असते. वाट सुंदर आहे, उतार तीव्र आणि घसाऱ्याचा आहे, पण पहिली कसोटी इथेही लागते. गाडी भटवाडीत आणि माणसे नारूरात. गटातला एक जण गाडी घेऊन आंबोली किंवा फोंडा घाटाने वळसा घालून येणार असेल तरच हा बेत करावा. तोही सोबत जाणकार असताना.

आणखी दक्षिणेला जाणारे म्हणतात, पुढे कर्नाटकात याहून उंच डोंगर आहेतच. आहेत. सुब्रमण्यजवळचा कुमारपर्वत १,७१२ मीटर उंच आहे, कुद्रेमुखही खुणावतो. पण २०२४च्या जानेवारीत कुमारपर्वतावर उसळलेल्या गर्दीनंतर कर्नाटकच्या वनखात्याने ट्रेकर्सची संख्या ठरवून आगाऊ ऑनलाइन नोंदणी सक्तीची केली. माथ्यावर मुक्कामाला परवानगी नाही. प्रवासात दिवस मागेपुढे होतात आणि तारीख टाकून केलेली नोंदणी हातची जाते. रांगण्यासारखा डोंगर अशा प्रवासाला जास्त सोयीचा. एक दिवस उशीर झाला तरी तो बंद होत नाही.

पावसाळ्यात मात्र नाही. जून ते सप्टेंबर पाटगावच्या खोऱ्यात कोसळणारा पाऊस जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या पावसांपैकी आहे. भटवाडी-चिक्केवाडीच्या वाटेवरचे ओढे तासाभरात फुगतात, सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारी कमरेला लागते आणि पलीकडे अडकलेल्याला रात्र तिथेच काढावी लागते. एप्रिल-मेमध्ये ऊन आणि वणवे. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर, हाच रांगण्यावर मुक्कामाचा काळ.

तेव्हा या हिवाळ्यात गोव्याला निघणाऱ्यांनी आपल्या वेळापत्रकात दोन दिवस मोकळे ठेवावेत. आदल्या रात्री कोल्हापुरात किंवा गारगोटीत झोपावे, सकाळी आठच्या आत गारगोटी सोडून पाटगावला समाधीचे दर्शन घ्यावे, वाटाड्या ठरवावा आणि गाडी विचारून लावावी. दुसऱ्या दिवशी दुपारी उतरल्यावर पाटगावात जेवून गारगोटीला परतावे आणि तिथेच झोपावे. तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी या रस्त्याने गोवा अर्ध्या दिवसात येतो.